एक जाळी तोडायची, एक ठेवायची

शकुमावशी,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या फ्लेक्सवर चुकीचं फुलपाखरू होतं.

आधी हेच सांगते, कारण तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस. हॉलच्या दारात तुझा फोटो, निवृत्तीच्या दिवशीचा, गॉगल डोक्यावर चढवलेला. फोटोच्या दोन्ही बाजूंना दोन मोठाली केशरी-काळी फुलपाखरं, नेटवरून उचललेली, थेट अमेरिकेतली. आपल्या वऱ्हाडात ती कधी आली नाहीत. तुझ्या मुलाला मी दोष देत नाही. तो बिचारा पुण्याहून धावत आलेला. फ्लेक्सवाल्याला त्याने 'आईला फुलपाखरं आवडायची' एवढंच सांगितलं आणि फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरमधलं तयार डिझाइन तुझ्या दोन्ही खांद्यांना चिकटवलं.

वंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन झालं, मग भाषणं सुरू झाली. तुझ्या खात्यातले एक निवृत्त साहेब म्हणाले, मॅडम फुलपाखरासारख्या हळव्या होत्या. त्यांच्यामागून आलेल्या बाई म्हणाल्या, नाजूक मनाच्या. मी मागच्या रांगेत ओठ चावत बसले होते.

हळवी? तू? जमिनीच्या मोजणीला तू येणार म्हटलं की शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, कोरणारे लोक आदल्या दिवशी आपणहून हद्दीचे दगड मागे सरकवायचे. तेल्हाऱ्यापासून अकोटपर्यंत तुझं नाव 'मोजणीवाली बाई' असं होतं आणि ते प्रेमाने घेतलं जायचं असं मला तरी कुणी सांगितलं नाही. नम्रताही तुझ्यात नव्हती. एखाद्या पुस्तकात फुलपाखराविषयी चूक सापडली की तू दिवसभर खूश असायचीस. माणूस गेला की त्याला मऊ करून टाकायची आपल्याकडे रीत आहे. मी ती पाळणार नाही.

आपली ओळख झाली तीही भांडणानेच. अमरावतीत आपल्या कॉलनीत मी आणि आमच्या गटातली पोरं घरोघरी पत्रकं वाटत होतो. 'फुलपाखरं वाचवा, निसर्ग वाचवा, उद्या वाचवा.' दिवसभरात कुणी पत्रक न वाचता घेतलं, कुणी कोचिंग क्लासची जाहिरात समजून परत दिलं. तू दारात उभी राहून ते मागून-पुढून वाचलंस. मी सहीसाठी पेन पुढे केला.

“कोणतं?” तू म्हणालीस.

“काय कोणतं?”

“फुलपाखरू. कोणतं वाचवून रायली तू?”

“सगळीच, काकू.”

“सगळी म्हणजे एकही नाई. अन् काकू नोको म्हणू, मावशी म्हण. काकू लोक लय सोसून घेतात.”

सही दिली नाहीस. येत्या रविवारी सकाळच्या अकोटच्या एसटीत बस म्हणालीस. मी बसले, कारण मला तुला हरवायचं होतं. तू खिडकीची जागा घेतलीस आणि अख्ख्या प्रवासात मला एकच प्रश्न विचारलास: आई काय करते. मी 'शेती करते' म्हटल्यावर तुझा माझ्यावरचा संशय जरा कमी झाला.

अकोट, तेल्हारा, आणि पुढे तुझ्या धाकट्या भावाची, दादाराव मामांची, मोटरसायकल. एका गाडीवर आपण तिघं. गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही. ती तुझी अट. तिच्याबद्दल मला भांडायचंच आहे, पण पुढे.

गावाच्या वरच्या अंगाला, नाल्यापलीकडे, ई-क्लासची जमीन. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: ई-क्लास म्हणजे गावच्या ढोरांसाठी सरकारी नोंदीत राखलेलं चराईचं रान. आमच्या काळ्या मातीचे गोडवे सगळे गातात. हे मात्र बरड, मुरमाड, वर सातपुड्याची रेघ आणि खाली दगड. नांगर लागत नाही म्हणून वाचलेलं. गुडघाभर गवत आणि त्यात ठिकठिकाणी बोरीच्या जाळ्या, म्हणजे बोरीची दाट, काटेरी झुडपं. पावसाळा नुकताच सरला होता. मला तिथे काहीच दिसलं नाही. खरंच काहीच नाही. मी चपलेतला खडा काढत उभी होते.

तू एका जाळीपाशी बसकण मारलीस आणि माझं डोकं धरून खाली दाबलंस. पानांची एक घडी. तिच्याभोवती काळसर मुंग्या, पोटाचा मागचा भाग वर उचलून फिरणाऱ्या.

“हे पाह्य. ढुंगण वर करून चालते. आमच्या हापिसात असे लय होते.”

मग तू सांगितलंस. घडीच्या आत अळी आहे. तिच्या अंगातून गोड थेंब सुटतो, तो मुंग्या चाटतात. बदल्यात अळीवर बसणाऱ्या गांधीलमाशा हुसकून लावतात. “अळीनं हप्ता द्याचा, मुंगीनं राखण कराची. सरकारी कामासारखं, फक्त इथं काम होते.” ही मुंगी जुन्या, वाळून पोकळ झालेल्या फांदीत घर करते. अळीला मात्र जुनी पानं चालत नाहीत, नवा कोवळा कोंब लागतो. म्हणजे एकाच ठिकाणी म्हातारं लाकूडही पाहिजे आणि तान्हा कोंबही, आणि दोन्हींत मुंगीला चालत जाता येईल एवढंच अंतर.

“लोक म्हणतात फुलपाखराले हद्द नसते,” तू म्हणालीस. “खोटं आहे. याची हद्द मी मोजून देऊ शकते. या बोरीपासून त्या मुंगीपर्यंत.”

आणि मग ते दिसलं. शेंड्यावर पंख मिटून बसलेलं, नखाएवढं. पंखाची खालची बाजू पिवळसर, तिच्यावर काळसर पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या मधोमध चांदीची रेघ, सोनाराने ओढल्यासारखी. मागे केसाएवढ्या दोन शेपट्या. तू त्याला 'चांदीवालं' म्हणायचीस. याचे भाऊबंद इतर ठिकाणी अजून दिसतात, पण नेमकं हे तुला नोकरीच्या सगळ्या वर्षांत, एवढी रानं-वावरं पायाखाली घालूनही, आपल्या भागात या एका बरडाशिवाय कुठेच सापडलं नव्हतं. आणि इथेही ते वर्षागणिक कमी होत होतं.

मावशी, मी त्या दिवशी हरले असं तू सगळ्यांना सांगायचीस. मी हरले नाही. मला एक फुलपाखरू मिळालं, एवढंच झालं.

बरडाच्या तोंडाशी तेव्हा एक पत्र्याचा बोर्ड होता. पिवळ्यावर काळी अक्षरं: 'बोरी तोडू नयेत.' तूच स्वतः रंगवून लावलेला, नोकरीत असताना. त्याआधी गावात दरवर्षी बोरं सरली की उन्हात बोराट्या तोडायचे, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या. त्या ओढून नेऊन वावराच्या धुऱ्यावर कुंपण रचायचं. तुला वाटलं, झाडच तोडलं तर फुलपाखरू राहील कुठे? कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं. तू बोर्ड लावलास आणि मोजणीवाल्या बाईचा बोर्ड म्हणून लोकांनी तो मानला. पुढे रानडुकरांसाठी तारा आल्या, त्यांत वीज सोडणारं झटका मशीन आलं, आणि काट्यांची गरजच उरली नाही. बोरी वाढत गेल्या. उंच, निबर, भरगच्च. बघणाऱ्याला वाटावं, काय छान जपलंय.

आणि चांदीवालं घटत गेलं. तू फवारणीवर संशय घेतलास, बकऱ्यांवर घेतलास, उन्हावर घेतलास. शेवटी ते फक्त नाल्याकडच्या कोपऱ्यात उरलं. तिथे ओल असते म्हणून, असं तुझं म्हणणं. तुझ्या त्या बोर्डावरून मी नवं पत्रकही छापून आणलं होतं. 'बोरीला हात लावाल तर खबरदार.' गठ्ठे माझ्या पिशवीत होते त्या दिवशी, जेव्हा तू त्या कोपऱ्यात पहिल्यांदा पानांऐवजी बुंध्याकडे पाहिलंस.

बुंध्यांवर घाव होते. जुने, नवे, त्याच्याहून नवे. आणि प्रत्येक घावाखालून पोपटी कोंब फुटलेले, त्यांवर पानांच्या घड्या, घड्यांवर मुंग्या.

“दादाराव,” तू हाक मारलीस. “इकडं ये. हे कोनं तोडलं?”

मामा आले आणि आकाशाकडे पाहू लागले.

“कोनं तोडलं म्हटलं.”

“म्या. मंग काय करू? बकऱ्यांच्या वाड्याले काट्या लागतात. झटका मशीन काय बकऱ्यांले लावू?”

“कवापासून?”

“तुनं बोर्ड लावला तवापासून. कोपऱ्यातल्याच तोडतो बाई. तुले दिसू नाई म्हून.”

मला वाटलं, आता भावाबहिणीचं कायमचं वाजलं. तू खाली बसलीस. मग हसायला लागलीस, इतकी की मामा घाबरून पाणी आणायला गेले. साऱ्या गावाने तुझं ऐकलं होतं आणि फुलपाखरू गेलं होतं. एका भावाने ऐकलं नाही, त्याच्या चोरीच्या कोपऱ्यात ते उरलं होतं. मामा काही फुलपाखराचा विचार करून तोडत नव्हते. त्यांना वाड्याला काट्या हव्या होत्या, बस. बोराट्या तोडायची गावची रीत होती, ती तोडीची रीतच फुलपाखराला दरवर्षी नवा कोंब देत होती, आणि आपण दोघी, एक शिकलेली आणि एक ओरडणारी, ती रीत बंद पाडून त्याला वाचवायला निघालो होतो.

तू त्याच दिवशी बोर्ड उपटलास. मामांच्या हातात दिलास आणि म्हणालीस, जा, तुह्या वाड्याच्या छपरावर टाक, पाणी गळते. तो अजून तिथेच आहे. 'बोरी तोडू नयेत' या अक्षरांखाली बकऱ्या बोरीचा पाला खात उभ्या असतात.

आपलं मोठं भांडण परतीच्या एसटीत झालं. तू म्हणालीस, पुढच्या ग्रामसभेत सांगते, माझं चुकलं, तोडा. मी म्हटलं, असं करता येत नाही. काल तोडू नका म्हटलं, आज तोडा म्हटलं तर लोक आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. सरपंच हसेल. चळवळीला एक ओळ लागते, सरळ, पाठ होणारी, आणि ती बदलता येत नाही. तू मला एसटीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस:

“ज्या चळवळीले मान वळवता येत नाई ते चळवळ नोय, पोरी. लकवा होय.”

पुढच्या सीटवरच्या काका मागे वळून म्हणाले, बरोबर बोलल्या बाई. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला विषय माहीत आहे का? ते म्हणाले, नाही, पण बरोबर बोलल्या. तू दर्यापूरपर्यंत हसत होतीस.

माझं म्हणणं मात्र मी सोडलेलं नाही. आजही नाही. कारण तुझी नवी गोष्ट नुसती 'तोडा' अशीही नव्हती. सगळं तोडलं तर म्हातारं लाकूड जातं, मुंगी जाते, आणि मुंगीमागून फुलपाखरू. काहीच नाही तोडलं तर कोंब जातो. म्हणजे एक जाळी तोडायची, शेजारची ठेवायची, पुढच्या वर्षी उलट. हे पत्रकात कसं बसवू? घोषणा कशी देऊ? 'आलटून पालटून झिंदाबाद'? मी चिडून विचारलं तेव्हा तू फक्त म्हणालीस, लिहून दाखव. जमलं तर मानीन तुले.

तू ग्रामसभेत गेलीस. माझं चुकलं, म्हणालीस, सगळ्यांसमोर, आवाज जराही न उतरवता, जणू चुकण्यातही तुझाच पहिला नंबर. सरपंच हसलाच. पण मामांच्या शेजारच्या, बकऱ्या पाळणाऱ्या कांताबाई आल्या, आणखी दोघी आल्या. बोरं सरल्यावर आपण तोडायला बसलो. माझे हात रक्ताळले. कांताबाई म्हणाल्या, अमरावतीच्या बोटाले काट्याची वळख नाई, होईन. आणि तू! बाकीचे सटासट कोयता चालवत होते आणि तू प्रत्येक बुंध्यापाशी हाताची वीत लावायचीस, मगच घाव घालायचीस. मामा म्हणाले, बाई, मोजणी नोय चालू इथं. तू म्हणालीस, माझ्या हातून वाकडं होत नाई, मी काय करू. तुझ्या सगळ्या जाळ्या जमिनीपासून बरोब्बर एक वीत वर, एका पातळीत कापलेल्या. दुरून पाहिलं तर झुडूप नाही, मोडलेला ब्रश वाटायचा.

पाऊस पडून गेला आणि तोडलेल्या जाळ्यांवर कोंब आले. त्या वर्षी चांदीवालं कोपऱ्याबाहेर पडलं नाही. मी म्हटलं, बघ. तू म्हणालीस, थांब. दुसऱ्या वर्षी शेजारच्या जाळ्या तोडल्या. त्या दिवाळीत बरडाच्या पार मधल्या भागात, जिथे अनेक वर्षांत काही नव्हतं, ते बसलेलं आपण दोघींनी एकाच वेळी पाहिलं. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की दुसऱ्या दिवशी वळ होता. तुझं गप्प बसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता त्या अटीबद्दल.

गावाचं नाव छापायचं नाही, फोटोला जागा जोडायची नाही. का, तर रील करणारे येतील, डबीत भरून नेणारे येतील, गाड्या मुंग्यांवरून जातील. मी म्हणायचे, ज्या जागेचं नाव नाही ती जागा कागदावर 'पडीक' असते, आणि पडीक जमिनीवर कुणीही हक्क सांगतो. तू म्हणायचीस, गावाले माहीत आहे तेवढं पुरे. हा वाद आपण प्रत्येक प्रवासात केला, चहाच्या प्रत्येक टपरीवर केला. कधी तू उठून गेलीस, कधी मी. शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलंच नाही.

आणि मग माझंच खरं व्हायची वेळ आली, बघ. वृक्षलागवडीच्या योजनेत गावाला झाडांचं उद्दिष्ट आलं. झाडं लावायला मोकळी जागा कुठे? ई-क्लास. नोंदीत काय लिहिलं? पडीक. मशीनने चर खोदायचे, गवत खरवडायचं, बोरी मुळासकट काढायच्या आणि ओळीत रोपं लावायची. हिरवं करायचं म्हणून जे आधीच जिवंत आहे ते उपटायचं. मी विचारते, पडीक कुणाला? बकरीला पडीक नाही, कांताबाईला नाही, मुंगीला नाही. ज्या माणसाने तिथे कधी बसकण मारली नाही त्याला पडीक. गवताळ रान म्हणजे रिकामी जागा, हे ज्यांनी ठरवलं त्यांना मी एकदा खडा टोचणाऱ्या चपलेनिशी तिथे उभं करणार आहे.

ही बातमी तूच फोनवर दिलीस. ग्रामसभा लागली आहे, म्हणालीस, मी आधी जाऊन चार घरं फिरते, तू मागून ये. सकाळच्या अकोटच्या एसटीने निघणार होतीस. तुझ्या शेजारणीने सांगितलं, बूट घालायला दाराशी स्टुलावर बसलीस आणि उठली नाहीस. एक बूट पायात होता. पाण्याची बाटली, भिंग आणि कोयता भरलेली पिशवी बाजूला होती. एवढंच. यावर मला काही लिहिता येत नाही आणि मी लिहिणार नाही.

ग्रामसभा मात्र कुणासाठी थांबत नाही. पुण्यानुमोदनानंतरच्या आठवड्यात ती झाली. मी गेले. आदल्या दिवशी एक पत्रक लिहिलं होतं, आयुष्यातलं सर्वांत लहान. वरती: 'आपल्या बरडावर मशीन नको.' खाली: 'एक जाळी तोडू, एक ठेवू. बकरीला पाला, वाड्याला काट्या, चांदीवाल्याला कोंब.' बस. कुठेही 'वाचवा' नाही. जमलं, मावशी. लिहून दाखवलं. आणि तू मानायला नाहीस, याचा मला इतका राग आला की छापखान्यात मी कागदाच्या दर्जावरून त्या माणसाशी उगाच भांडले.

ग्रामसभेत मी बोलायला उभी राहिले. सरपंच शांतपणे म्हणाला, ताई, तुम्ही या गावच्या मतदार नाही, बसा. कायद्याने त्याचं बरोबर होतं. भाषण करायला आलेल्या माणसाला खाली बसवलं तर काय होतं ते तुला बघायला मिळालं नाही, मिळालं असतं तर वर्षभर पुरलं असतं. मग त्याने टोमणाही मारला की पर्यावरणवालेच झाडांले विरोध करून रायले, हे नवीन पाहिलं आपण. लोक हसले. पत्रकं हातात होती, काही जण त्यांनी वारा घेत होते. मला वाटलं, गेलं.

दादाराव मामा उठले. मामांना सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. टोपी काढली, पुन्हा घातली.

“माह्या बहिणीनं तोडू नका म्हटलं, तुमी आयकलं. पाखरू गेलं. मंग तिनं तोडा म्हटलं, तुमी हासले. पाखरू आलं. आता तिसऱ्यांदा सांगाले ते येनार नाई. मशीन लावाची तं लावा. पण मंग बकऱ्या कोठी न्याच्या हे सरपंचानं सांगावं, अन् माह्या बकऱ्या आजपासून त्यायच्या आंगनात.”

कांताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, माह्याही. मागून आणखी एक आवाज आला. हसू पुन्हा फुटलं, पण या वेळी त्याची दिशा वेगळी होती. सरपंच हुशार आहे, त्याला दिशा कळते. रोपं रस्त्याच्या कडेला आणि शाळेच्या आवारात लावायची आणि बरडाला यंदा हात लावायचा नाही, असं ठरलं. 'यंदा' हा शब्द त्याने मुद्दाम घातला. मला तो ऐकू आला. पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल. येऊ. एक वर्ष म्हणजे एक तोड, आणि एका तोडीत किती कोंब येतात ते आता साऱ्या गावाला माहीत आहे.

तू मला काय दिलंस असं कुणी विचारलं तर मी फुलपाखरू म्हणणार नाही. रागाला पत्ता असावा लागतो, हे तू दिलंस. आधी मी सगळ्यांवर रागावायची, सगळ्या गोष्टींसाठी. तो राग पत्रकावर छान दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. आता मी आधी विचारते, कोणतं? कुठे राहतं? काय खातं? त्याच्याशेजारी कोण राहतं आणि त्या शेजाऱ्याला काय लागतं? मग रागावते. जास्त रागावते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आणि तुला जे एकदाही म्हटलं नाही ते हे, की तू ग्रामसभेत 'माझं चुकलं' म्हणालीस त्या दिवशी मला तुझी लाज वाटली नव्हती. मी तसं दाखवलं फक्त. मला हेवा वाटला होता.

गावाचं नाव या लेखात कुठेही नाही, तेही तू पाहिलंच असशील. जिंकलीस असं समजू नकोस. मी वाद स्थगित ठेवला आहे.

काल आम्ही तोडायला गेलो. तुझा मुलगाही आला होता, सुट्टी वाढवून. येताना हॉलमधला तो फ्लेक्स घेऊन आला. मी कात्रीने दोन्ही अमेरिकन फुलपाखरं कापून टाकली, तुझा फोटो मामांच्या घरात लावला. बोरं सरली आहेत, ऊन कडक झालं आहे, चांदीवालं दिसायचे हे दिवस नाहीत. आम्ही एक जाळी तोडत, एक सोडत नाल्याकडून मध्यापर्यंत आलो. तिथे माझा हिशेब चुकला. या जाळीची पाळी आहे की नाही ते मला आठवेना. कोयता हातात घेऊन मी सवयीने मागे वळून मोठ्याने विचारलं, “मावशी, ही तोडायची का ठेवायची?”

मामा जमिनीकडे पाहत राहिले.

मग मी खाली बसले, गवत बाजूला केलं आणि बुंध्यांकडे पाहिलं. गेल्या वर्षीच्या तोडीचे घाव होते. सगळे एका पातळीत. मी हात लावून पाहिला. जमिनीपासून बरोब्बर एक वीत.

ठेवली.